एक ते दीडचा फुगवटा

"रोज एक ते दीड," मॅडम पडद्यावरच्या रेघेवर बोट ठेवून म्हणाल्या. "बरोब्बर त्याच वेळेला काच फुगते. काचेला काय जेवणाची सुट्टी असते का हो, काका?"

मी हसलो. हसू कसलं, वेळ ऐकली आणि मी नजर पडद्यावरून काढून घेतली. चोराच्या मनात चांदणं.

ही काच म्हणजे अवकाशात जायच्या दुर्बिणीच्या आरशाचा नमुना. दोन पोस्टकार्डांएवढी जाड. क्ष-किरण मोठे हट्टी. समोरून आले तर आरशात घुसून बसतात. चपटा दगड पाण्यावर टप्पे घेत जातो तसे घासून गेले तरच वळतात. म्हणून असे पातळ आरसे एकात एक शेकड्यांनी बसवायचे. आणि पातळ काच म्हटली की ती वाकडी होणारच. त्यासाठी तिच्या पाठीवर एका पातळ थराच्या एकशे बारा चौकटी आहेत. चौकटीला वीज दिली की ती किंचित आखडते आणि काचेला तेवढ्यापुरती ताळ्यावर आणते. किंचित म्हणजे केसाच्या जाडीचा हजारावा भाग. त्या एकशे बाराही तारा मी जोडल्यात, भिंगाखाली, श्वास धरून.

"चौकटींचा थरच खराब दिसतोय," मॅडम म्हणाल्या. "तीन आठवडे वाट बघितली. आज संध्याकाळी कळवून टाकते, नमुना बाद. दोन वर्षं पाण्यात. काय करणार!"

माझी बायको गेली त्याला चौदा महिने झाले. दुपारी जेवणाच्या खोलीत गेलं की कोणी ना कोणी विचारायचंच, "मग, जमतंय का एकट्याला?" माणसं भली होती. पण रोज रोज त्याचं उत्तर काय द्यायचं? मी डबा पाच मिनिटांत उरकायचो, पांढरा झगा, टोपी, मुखपट्टी चढवायचो आणि मोजमापाच्या खोलीत काचेजवळ स्टुलावर जाऊन बसायचो. तिथे कोणी काही विचारत नाही. एक-दोनदा मी बोललोही असेन काचेशी. घरी बोलायला कोणी उरलं नाही, आणि माणूस किती दिवस तोंड शिवून बसणार?

मोजमाप चालू असताना आत माणूस नको, अंगाची ऊब काचेला लागते. हा नियम नव्यांना मीच ओरडून सांगतो. मी तो विसरलो होतो असंही नाही. पण माझ्या अंगाची ऊब आता कोणाला लागत असेल, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

मॅडम पत्र लिहायला बसल्या. मी दारापर्यंत गेलो आणि परत आलो. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता.

"मॅडम, काच चांगली आहे. मी असतो तिथे."

"कुठे?"

"आत. एक ते दीड. स्टुलावर."

"काय करता?"

"काही नाही. बसतो."

"अहो काका! इतकी वर्षं झाली तुम्हाला इथे, आणि तुम्हीच..." त्यांचा आवाज चढला आणि मध्येच अडकला. मग हळू म्हणाल्या, "मला सांगायचंत तरी."

"काय सांगू?"

त्यांनी पत्र पुसून टाकलं आणि नोंदवही ओढली. तिच्यात कारणाचा रकाना रिकामा ठेवून चालत नाही.

"काय लिहू? बाहेरची उष्णता?"

"माणूस बसला होता, असं लिहा."

त्यांनी तसंच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी एक वाजता मी त्यांच्या खुर्चीमागे उभा होतो. पडद्यावर रेघ पुढे सरकत होती. सव्वा वाजला. दीड वाजला. मॅडमनी टेबलावर जोरात थाप मारली. "सुटलो, काका! आपली काच पास!"

मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू? माझे डोळे खर्ची पडलेत तिच्यावर. मॅडम फोन करायला धावल्या आणि पडद्यासमोर मी एकटा उरलो. एक ते दीडची रेघ सरळ होती, इतकी सरळ की तिथे कधी कोणी बसत होतं, हे कोणाला खरं वाटलं नसतं.