धावपट्टीवर पडणार नाही

ताईला जाऊन वर्ष होत आलं तेव्हा तळाच्या साहेबांनी कार्यक्रम ठरवला. धावपट्टीच्या कडेला मांडव, पाहुण्यांची भाषणं आणि शेवटी आमची दोन विमानं अगदी खाली येऊन धावपट्टीवर लाल पाणी सोडणार. सलामी म्हणून.

ते लाल पाणी मी बनवते. वणवा विझवणाऱ्या विमानांच्या तळावर माझं काम तेच. भुकटी आणि पाणी मोठ्या टाकीत ठरल्या प्रमाणात मिसळायचं, तळाशी साका बसू नये म्हणून रोज ढवळायचं, विमान येऊन उभं राहिलं की नळी जोडून त्याचं पोट भरायचं. बाहेरच्यांना वाटतं, वैमानिक ते आगीवर ओततात. बहुतेक वेळा ते आगीच्या पुढे ओततात, अजून न पेटलेल्या झाडांवर. आग त्या रेघेपर्यंत येते आणि तिथे तिची उपासमार होते.

ताई अशा रेघा ओढायची. तळावर तिला सगळे कंजूष म्हणत. वारा फिरला, धुरात जागा दिसली नाही, की इतर वैमानिक पाणी माळावर ओतून मोकळे होत, कारण भरल्या पोटानं विमान उतरवणं अवघड. ताई घिरट्या घालत राही आणि जंगलाच्या दुसऱ्या एखाद्या कडेला, जिथे ते कामी येईल तिथे, तेच पाणी सोडून येई. माझ्या बहिणीनं ते फुकट सांडायला ढवळलंय का, असं वर रेडिओवरून सगळ्यांना ऐकवी.

शेवटच्या फेरीच्या वेळी खोऱ्यातल्या रस्त्यानं लोक बाहेर पडत होते आणि त्या बाजूच्या रेघेत एक खिंडार राहिलं होतं. ताईनं ते बुजवलं. वर चढताना डोंगरावरून कोसळणाऱ्या वाऱ्यानं विमान कड्यावर आपटलं. अवशेषांत तिच्या विमानाची पाण्याची टाकी रिकामी सापडली. त्या कड्याखाली रेघेच्या एका अंगाला अजून कोळसा आहे, दुसऱ्या अंगाला झाडं.

म्हणून मी साहेबांना सांगितलं, सलामीसाठी मी विमानं भरणार नाही.

साहेब माणूस वाईट नाही. पाणी भरपूर आहे, पाहुणे लांबून येणार आहेत, आणि हे मी मनापासून ठरवलंय, असं ते समजावत राहिले. धावपट्टी निसरडी होईल असं मी म्हटलं असतं तर त्यांनी लगेच मानलं असतं, आणि सलामी शेजारच्या माळावर नेली असती. ते कारण मी दिलं नाही.

"तुझी बहीण होती म्हणून ऐकून घेतोय," ते म्हणाले.

"बहीण म्हणून बोलले असते तर तुमच्यानं ऐकवलं नसतं, साहेब. हे मी टाकीवाली म्हणून सांगतेय."

नळी दुसरं कोणीही जोडेल, असं त्यांनी बजावलं. शेजारी हात पुसत उभ्या असलेल्या मिस्त्रींचा खांदा नेमका तेव्हाच दुखायला लागला. ताईला सगळ्यांत जास्त चिडवणारा वैमानिक म्हणाला, मी उडेन, पण ही धाकटी विमानात जे भरेल तेवढंच घेऊन. साहेबांनी तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. कार्यक्रम होऊ दे, मग तुझ्या नोकरीचं बघतो, म्हणाले.

नोकरीची मला तितकी धास्ती नव्हती. धास्ती आईची होती. सलामीचं साहेबांनीच तिला सांगितलं होतं आणि तिनं मावशीपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना. विमानातून पाणी पडताना तिनं कधी पाहिलेलं नव्हतं; वणव्याच्या दिवसांत ताई तिला तळाकडे फिरकू देत नसे. मी विमानं भरणार नाही हे सांगितलं तेव्हा ती करपलेलं दुधाचं पातेलं घासत होती.

"वर्षभर मी कुणाकडे काही मागितलं नाही," ती म्हणाली. "तिच्या नावानं एकदा वरून काहीतरी पडणार होतं. तेही तुला बघवेना."

ताईला हे आवडलं नसतं, असं मी म्हणायला गेले.

"तिला काय आवडलं असतं ते तू मला शिकवू नकोस."

ती पुन्हा पातेल्याला लागली. मी माझं म्हणणं बदललं नाही. कार्यक्रमाच्या दिवशी ती माझ्याच गाडीत बसली, पण मागे, मावशीजवळ.

भाषणं झाली. प्रमुख पाहुण्यांनी बलिदान हा शब्द इतक्या वेळा वापरला, की मिस्त्री माझ्याकडे बघून नाक मुरडू लागले. मग विमानं आली, खाली, पंख अगदी सरळ. सगळ्यांच्या माना वर झाल्या, फोन वर झाले. पोटाची दारं उघडली नाहीत. आवाज डोंगरापलीकडे निघून गेला. कोणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि थांबलं. मागून एका बाईनं विचारलं, झालं?

साहेबांनी माइक घेतला. तांत्रिक कारणामुळे, म्हणाले.

मी उभी राहिले. माझा आवाज मोठा नाही, पण पुढच्या रांगेपर्यंत पोचतो.

"तांत्रिक कारण नाही. मी भरलं नाही. तिनं हे पाणी कधी दिखाव्याला सांडलं नाही. तिच्या नावानंही कोणी सांडायचं नाही."

आई उठली आणि तिनं मला विचारलं, टाकी कुठे आहे. मी दाखवली. सगळा मांडव बघत असताना ती लोखंडी शिडी चढली. मावशीनं हात पुढे केला तो झटकून टाकला. वर उभी राहून तिनं आत पाहिलं. लाल, काठोकाठ, संथ फिरत असलेलं.

"एवढ्यात रेघ केवढी होते?"

"आपल्या घरापासून बाजारापर्यंत."

ती टाकीच्या काठावर एकेक बोट टेकवत राहिली. वाटेतली घरं मोजत असावी. खाली उतरली तेव्हा साहेब शिडीशी आले होते.

"हिला काढायचं असेल तर आत्ता सगळ्यांसमोर सांगा," आई म्हणाली. "आणि खरं पाणी पडेल त्या दिवशी मला बोलवा. मला बघायचंय."

वणव्याच्या दिवसांत बाहेरच्या माणसांना तळावर येऊ देत नाहीत, असं साहेब नरमाईनं सांगू लागले.

"मी बाहेरची नाही," आई म्हणाली.