वरच्या गल्लीचे मांडे

मेहरूणच्या वरच्या गल्लीत दिवाळीचा देखावा होतो त्याला सत्तेचाळीस वर्षं झाली, आणि त्यातला एकही देखावा भिकुबाई विसरलेल्या नाहीत. पहिल्या वर्षी त्यांच्या यजमानांनी, मगननानांनी, एका फळीवर आठ बल्ब ठोकले आणि त्यांना लाल-हिरवा पतंगी कागद गुंडाळला. दुसऱ्या दिवशी कागद तापून जळाला, तरी गल्ली पाहायला लोक येतच राहिले. मग बांबूच्या कामट्यांचा मोर झाला, विहिरीवरची मोट झाली. ज्या वर्षी पाऊस लांबला त्या वर्षी देखाव्यावर गोणपाट टाकून सगळे चार दिवस आभाळाकडे बघत बसले, तेही त्यांना आठवतं.

आणि तळ्याकडच्या गल्लीने कधी काय केलं, तेही आठवतं.

दोन्ही गल्ल्यांमध्ये अंतर किती, तर इकडची फोडणी तिकडे शिंकायला लावेल एवढं. बक्षीस-बिक्षीस काही नाही. वसुबारसेच्या संध्याकाळी बाहेरून माणसं येतात, ती आधी कोणत्या गल्लीत शिरतात एवढंच काय ते. पण त्या एवढ्याशासाठी माणकचंद शेठ आपलं कापडाचं गोदाम महिनाभर रिकामं करून देतात, आतल्या कामाची किल्ली दोघातिघांकडेच राहते आणि गोदामाच्या खिडक्यांना आतून चादरी लागतात.

तीन वर्षांपूर्वी वरच्या गल्लीने दिव्यांचा केळीचा घड केला. वसुबारसेला पडदा काढला, तर तळ्याकडेही केळीचा घड! पुढच्या वर्षी उमलणारं कमळ केलं. तिकडेही कमळ, वर एक पाकळी जास्त. गेल्या वर्षी हत्ती केला, तिकडेही हत्ती. आतलं कुणीतरी फुटलं होतं, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

भिकुबाईंनी हिशेब मांडला. हे सुरू झालं तीन वर्षांपूर्वी. त्यांच्या प्रेमराजचं लग्न झालं तेही तीन वर्षांपूर्वी. सून दिपमाला, माहेर तळ्याकडच्या गल्लीत.

त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. फक्त बघत राहिल्या.

सून कामाची, यात वाद नव्हता. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली. दिव्यांच्या माळा एकामागून एक कशा पेटवायच्या ते सर्किट गल्लीत तिलाच जमायचं. म्हणूनच एक किल्ली तिच्याकडे असायची. पण फोन आला की ती गच्चीवर जायची. चार वाजले की पिशवी घेऊन निघायची. "आईकडे जाऊन येते" म्हणायची आणि परत येताना तोंड उतरलेलं असायचं. चोरी करणाऱ्याचं तोंड कसं असतं, हे भिकुबाईंना माहीत होतं. ज्या वर्षी गल्लीतल्या लोटनने देखाव्याची शिडी लपवली होती त्या वर्षी त्याचं तोंड असंच उतरलेलं असायचं.

यंदाचा देखावा भिकुबाईंना जिवापाड प्रिय होता. भूपेंद्र, आयटीआयमध्ये शिकवणारा, दसऱ्यालाच त्यांच्या ओट्यावर येऊन बसला. "अक्का, यंदा मांडे करायचे."

"करते की. गूळ-डाळ आणून दे."

"खायचे नाहीत, दिव्यांचे. तुमच्या हातावर मांडा फिरत फिरत मोठा होतो ना? तसे अकरा गोल. एक विझेल, दुसरा पेटेल आणि शेवटचा खापरावर जाऊन पडेल. हात मात्र तुमचेच काढणार."

पारोळ्याच्या माहेरी आईकडून शिकलेले मांडे. उलट्या तव्यासारखं मातीचं खापर चुलीवर तापायचं आणि आईच्या कोपरापर्यंत मांडा पसरायचा. आता गल्लीत एवढे मोठे मांडे कुणाला येत नव्हते. भिकुबाई दोन दुपारी हात पुढे करून बसल्या आणि भूपेंद्रने जाड खाकी कागदावर त्यांचे हात आणि वर अकरा गोल रेखले. तीन-चार कागद बिघडले, ते त्यांनी उचलून गादीखाली सपाट ठेवले. एवढा जाड कागद कुणी फेकतं का? तेलातुपाला असा कागद मिळत नाही.

कोजागिरी झाली आणि घरात पहिला घाणा पडला, सांजोऱ्यांचा. देवापुढे पाच आणि लगेच विहीणबाईंकडे एक दुरडी, ही भिकुबाईंची रीत. दुरडी त्या स्वतः भरायच्या. तळाशी कागद, वर सांजोऱ्या, वर फडकं.

"आई, यंदा दुरडी नको," दिपमाला म्हणाली. "स्टीलच्या डब्यात देऊ."

"का गं? आजवर दुरडीच जाते."

"तूप गळतं. डबा बरा."

डबा म्हणजे तो परत आणायला पुन्हा तिकडे जायला मोकळी, हे भिकुबाईंनी ओळखलं. "माझ्या दुरडीला हात लावू नकोस," त्या म्हणाल्या, आणि दुरडी लोटनच्या हाती पाठवून दिली.

वसुबारसेला चार दिवस उरले असताना भूपेंद्र हाशहुश करत गोदामात आला. "शेठजी, तळ्याकडे कामट्यांचे गोल वळताहेत. लहानापासून मोठे. मी मोजले, अकरा."

सगळ्यांनी दिपमालाकडे पाहिलं नाही. म्हणजे सगळ्यांनी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. ती खाली बसून सोल्डर मारत होती. भिकुबाई उठल्या.

"शेठजी, माझ्या सुनेकडची किल्ली काढून घ्या."

माणकचंद शेठ गडबडले. "अक्का, अहो, घरातलं माणूस..."

"घरातलं आहे म्हणून मी सांगते. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मला लाज वाटली असती."

दिपमालाने सोल्डरची तार बाजूला ठेवली. पदराला बांधलेली किल्ली सोडायला तिला वेळ लागला. किल्ली शेठजींच्या समोर ठेवून ती म्हणाली, "सर्किटचा सातवा गोल राहिलाय. ज्याला जमेल त्याने करावा." आणि गेली. शेठजींची सून रूपल तिच्या मागे दारापर्यंत गेली, आणि परत येऊन बायकांच्या कानाशी लागली.

घरी जेवताना दिपमाला एवढंच बोलली, "चोर म्हणून मी या गल्लीत दिवाळी करणार नाही. वसुबारसेला माहेरी जाते. कधी यायचं ते मग बघू." प्रेमराजने ताटावरून आईकडे पाहिलं, ताट सरकवलं आणि उठला.

भिकुबाईंना त्यातही डाव दिसला. पण रात्री नाही म्हटलं तरी डोळा लागेना. पुराव्याशिवाय सून घालवली, असं लोक म्हणतील. पुरावा हवा. दुसऱ्या दिवशी सकाळीच, दुरडी परत आणायचं निमित्त करून, त्या तळ्याकडच्या गल्लीत गेल्या. सहा महिन्यांत पाय ठेवला नव्हता तिथे.

विहीणबाई कमलबाई ओट्यावर हरभऱ्याची डाळ निवडत होत्या. त्यांना बघून त्या एकदम उठल्या. "या, या अक्का! आज सूर्य कुणीकडे? बसा, चहा टाकते."

"चहा नको. दुरडी द्या माझी."

"आतच आहे. या ना."

आतल्या खोलीत गेल्या आणि भिकुबाई दारातच थांबल्या. भिंतीवर, खिळ्यांना, चार खाकी कागद लावलेले. एकावर केळीचा घड. दुसऱ्यावर कमळ. तिसऱ्यावर हत्ती. चौथ्यावर लहानापासून मोठे अकरा गोल आणि खाली दोन हात, बोटं किंचित वाकडी, डाव्या करंगळीचं पेर सुजलेलं. ते हात त्यांनी लगेच ओळखले. सगळ्या कागदांवर तुपाचे गोल गोल डाग.

"हे कुठून आलं तुमच्याकडे?" भिकुबाईंचा आवाज चढला. "कुणी दिलं? नाव घ्या!"

कमलबाई हसायला लागल्या. "आता माझ्याशी कशाला लपवता, अक्का? तुम्हीच तर पाठवता. दर वर्षी सांजोऱ्यांच्या खाली."

"मी?"

"पहिल्या वर्षी मला वाटलं चुकून आलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा आलं, तेव्हा म्हटलं, नाही. विहीणबाईंचं मन मोठं. सुनेच्या माहेरची गल्ली मागे राहू नये म्हणून गुपचूप देतात. आमच्यात चित्र कुणाला येतं? पण शपथ आहे, तुमचं नाव मी कुणाला सांगितलं नाही. घरातल्यांनाही नाही."

भिकुबाई खाटेवर बसल्या. तिथूनच म्हणाल्या, "दिपमालाला माहीत होतं?"

"तिनेच गेल्या वर्षी भिंतीवर पाहिलं. तेव्हापासून माझ्या मागे लागली आहे, कागद दे म्हणून. रोज चारला येऊन भांडते. फोनवर भांडते. मी म्हणते, तुझी सासू प्रेमाने देते, तू मधे कशाला? बरं, चहा टाकू का? तुमचा रंग उतरलाय."

चहा झाला नाही. भिकुबाई दुरडी तशीच टाकून घरी आल्या. दिपमाला कपडे बॅगेत भरत होती.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

ती हातातल्या साडीची घडी घालत राहिली. "काय सांगायचं? तुम्ही म्हणाला असतात, हिच्या आईने चोरलं आणि ही माझ्यावर ढकलते. म्हणाला असतात ना?"

भिकुबाई तेच म्हणाल्या असत्या. आणि तरी, एवढं ऐकूनही, त्यांच्या मनात आलंच: वर्षभर ही गोष्ट हिने पोटात ठेवली, ती कशासाठी? कधीतरी माझ्यावर काढायला? त्या स्वतःच्याच मनावर चिडल्या. "बठ्ठा दोष मनाच शे, सगळा माझाच," त्या म्हणाल्या. माहेरची अहिराणी त्यांच्या तोंडी आली की घरातले गप्प होत. "ऊठ. गोदामात चल."

गोदामात सगळे होते. सातव्या गोलावर भूपेंद्र घाम पुसत बसला होता. भिकुबाईंनी मध्ये उभं राहून सांगितलं, काही न लपवता. कागद गादीखाली ठेवले, दुरडीत घातले, दर वर्षी स्वतःच्या हाताने पाठवले. ऐकून कुणी हसेल असं त्यांना वाटलं होतं. कुणी हसलं नाही. माणकचंद शेठ मान हलवत राहिले.

"अक्का," ते हळूच म्हणाले, "सुनेला वाचवताय, चांगलं आहे. सासूने असंच असावं. पण एवढं मोठं स्वतःवर घ्यायची गरज नव्हती."

"अहो, खरं सांगते मी!"

"हो हो. खरंच."

कोपऱ्यात कुणीतरी पुटपुटलं, "काल एक सांगत होत्या, आज एक." रूपलने ओठ दाबले. भूपेंद्र तारांकडे बघत राहिला. त्यालाही खरं वाटलं नाही, हे भिकुबाईंना कळलं. कमलबाईला आणून उभं केलं तरी काय, लोक म्हणतील दोघी विहिणींनी ठरवलं. काल एका वाक्यात त्यांनी जे पेरलं होतं, ते आज शंभर वाक्यांनी उपटत नव्हतं. या गल्लीच्या आठवणी त्यांच्याइतक्याच लांब होत्या. लोटनच्या शिडीची गोष्ट आजही निघते.

शेवटी शेठजींनी किल्ली दिपमालाला परत दिली, कारण सातवा गोल दुसऱ्या कुणाला येत नव्हता. "रूपल बसेल तुझ्यासोबत," ते म्हणाले. "मदतीला."

मदतीला कशाला, ते सगळ्यांना कळलं. दिपमालानेही ओळखलं. किल्ली तिने पदराला बांधली नाही, टेबलावरच ठेवली. मग मांडी घालून बसली आणि तारा उलगडायला लागली. माहेरी जायची बॅग घरात तशीच उघडी होती. ती भरायची की रिकामी करायची, हे ठरलेलं नव्हतं.

भिकुबाईंनी एक पाट ओढला आणि गोदामात दारापाशी बसल्या. जेवायला गेल्या नाहीत. दुपारभर त्या बघत राहिल्या. आता सुनेकडे नाही; येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांकडे, कोण कुठे बघतं ते.

चार वाजता दिपमालाने बटण दाबलं. पहिला गोल पेटला, दुसरा, तिसरा. सहावा पेटून विझला आणि पुढे काळोख. सातवा पेटला नाही. रूपलची नजर गर्रकन दिपमालाकडे वळली.

"तिच्याकडे काय बघतेस?" भिकुबाई दारातून ओरडल्या. "वायर बघ!"