कोपरा नसलेले कार्ड

मित्रांनो, मला न उघडण्यात सुलोचनाबाईंचा फायदा किती होता, ते आधी सांगते. नातवाची मुंज दोन दिवसांवर आली होती. आधी एकदा कांजिण्यांमुळे आणि एकदा मुहूर्त हुकल्यामुळे ती पुढे गेलेली. आता मांडव पडला होता, आचारी ठरला होता, चारशे माणसांना आमंत्रण गेले होते. मला उघडले तर हे सारे मोडणार, न उघडले तर निभावणार. सौदा इतका सोपा दिसत होता, की भल्याभल्यांनी केला असता.

मी एक जुने कार्ड आहे. वय सहा वर्षे. हसू नका, कार्डाच्या जन्मात हे म्हातारपणच. नागपूरच्या छापखान्यात मला कापले, दुमडले, पण आत काही छापले नाही. त्यातली पहिली चार वर्षे मी कारंजा घाडगे गावी भैयाजींच्या दुकानात फुगे आणि केकवाल्या कार्डांच्या मागे पडून होते. मग एक दिवस पुंडलिकराव आले. तहसील कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. दोन पायऱ्या चढले तरी थांबून छातीवर हात ठेवत.

“मुंजीचं कार्ड आहे काय, भैयाजी?”

“मुंजीचं कार्ड कोन घेते आता, काकाजी? फोनवर गणपती पाठोते, हात जोडते, झालं! हे कोरं घ्या. बारशापासून तेरवीपर्यंत सारं चालते.”

भैयाजी हसले. पुंडलिकराव हसले नाहीत.

मुंज होती नाचणगावला, त्यांच्या बहिणीच्या, म्हणजे सुलोचनाबाईंच्या नातवाची. अनय त्याचे नाव. पुंडलिकरावांना आमंत्रण नव्हते. सव्वीस वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाच्या, धर्मेंद्रच्या, मुंजीच्या पत्रिकेत बहिणीच्या यजमानांचे नाव राहून गेले होते. “छापखान्याची चूक,” असे पुंडलिकराव म्हणाले. बहीण ताटावरून उठून गेली, ती परत त्या घरात आली नाही. यजमानही मध्यंतरी वारले. आणि आता पुंडलिकरावांच्या हृदयाच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती. रविवारी मुंज, मंगळवारी ऑपरेशन.

चार दिवस ते माझ्यासमोर पेन घेऊन बसले. कॅलेंडरच्या पाठीवर आधी लिहून पाहायचे. ‘चि. अनय यास व्रतबंधानिमित्त अनेक उत्तम आशीर्वाद. विद्यावंत हो, यशवंत हो.’ वाचून स्वतःच म्हणाले, “हे तर कोनीही लिहीन.”

सून रीता चहा ठेवता ठेवता म्हणाली, “मामाजी, परीक्षेचा पेपर लिहून राहिले काय? फोन करून टाका न सरळ.”

“अन् तिनं कट केला तर? लिहिलेलं तरी वाचावंच लागते.”

मित्रांनो, हे वाक्य ऐकले तेव्हा मला फार बरे वाटले होते. कार्डाच्या जातीला यापेक्षा मोठी शाबासकी नाही.

शेवटी त्यांनी लिहिले. वर अनयसाठी आशीर्वाद, आणि खाली:

‘सुलोचना, पत्रिकेतून ते नाव मीच गाळलं होतं. रागानं गाळलं. छापखान्याची चूक नव्हती. मंगळवारी माझं ऑपरेशन आहे. रविवारी बोलावशील तर येतो. एक फोन कर. तुझा भाऊ.’

एवढे लिहून ते इतके दमले, की पाकिटावरचा पत्ता धर्मेंद्रने घातला. पाठवणाऱ्याच्या जागी स्वतःचेच नाव लिहिले. पुंडलिकराव आडवे झाले आणि रीताची नजर पाकिटाच्या कोपऱ्यावर गेली. तिथे किमतीची चिठ्ठी होती. तीस रुपये.

“सव्वीस वर्षांनी पत्र, अन् तेही तीस रुपयांचं? आत्याबाई गावभर वाजवतीन!”

तिने नखाने खरवडले. डिंक हटेना. मग तिने कोपराच फाडून टाकला. पाकिटाचा गेला, त्याबरोबर माझाही गेला. आतून गोंद लावून तिने मला पोस्टात टाकले.

तुम्हाला ठाऊक नसेल, म्हणून सांगते. घरोघरी फोन नव्हते तेव्हा मरणाची बातमी पोस्टकार्डाने जायची आणि त्या कार्डाचा कोपरा फाडलेला असायचा. तसले पत्र घरात नेत नसत. दारातच वाचायचे, फाडायचे आणि डोक्यावरून पाणी घ्यायचे. रीताला हे कुठून ठाऊक असणार? तिच्या लग्नाची पत्रिकासुद्धा फोनवर फिरली होती.

शुक्रवारी दुपारी पोस्टमनने मला पुढे केले. सुलोचनाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी आधी कोपरा पाहिला, मग धर्मेंद्रचे नाव. बापाऐवजी मुलाचे नाव. पुढे केलेला हात त्यांनी मागे घेतला.

“घ्या न काकू, कारंज्याहून आहे.”

“ओट्यावर नको. खाली ठेव.”

आतून सून नंदिनीने विचारले, “आई, कोनाचं पत्र?”

“कोनाचं नाई. लाइटचं बिल असन.”

भाऊ गेल्याचे कळले, की लग्न झालेल्या बहिणीला तीन दिवस सुतक, आणि आजीला सुतक म्हणजे मुंज पुन्हा पुढे. पण सुतक कळल्यापासून लागते. वाचलेच नाही तर कळले कुठे? एवढ्या एका फटीत बाईंनी सगळी मुंज बसवली. मला चिमटीत धरून मागच्या न्हाणीत नेले आणि सरपणाच्या मागे खोचले. मग अंगावरच्या लुगड्यासकट थंड पाणी ओतून घेतले.

“आई, भरदुपारी डोक्यावरून पाणी काऊन घेतलं?”

“उकडून राह्यलं.”

चार दिवस मी तिथे होते. पाणी तापवायला कोणी ना कोणी येई, लाकूड ओढी, आणि माझ्यापुढची रास एकेका लाकडाने कमी होई. रविवारी मंगलाष्टके ऐकू आली. अनयचा भिक्षा मागणारा बारीक आवाज आला. मध्येच सुलोचनाबाई न्हाणीत आल्या, पदर तोंडात कोंबून भिंतीला टेकल्या, आणि कोणी हाक मारताच डोळे पुसून लाडू वाढायला गेल्या.

त्याच वेळी कारंज्यात पुंडलिकराव इस्त्रीचा सदरा घालून सकाळी आठपासून फोन मांडीवर घेऊन बसले होते. कोणाला फोन करू देईनात, “लाइन बिझी लागन” म्हणत. संध्याकाळी सदरा काढला आणि घडी करून ठेवला. हे पुढे धर्मेंद्रने इथे येऊन सांगितले.

मंगळवारी संध्याकाळी फोन आला. नंदिनीने ऐकला आणि सासूजवळ जाऊन बसली.

“आई, कारंज्याचे मामाजी गेले.”

“मले माहीत आहे. शुक्रवारपासून.”

“शुक्रवारी कुठं, आई? आज दुपारी. ऑपरेशनमधून उठलेच नाही.”

सुलोचनाबाई न्हाणीत आल्या. मला काढले, पाकीट फाडले आणि वाचले. शेवटची ओळ दोनदा वाचली. नंदिनी दारातून हाक मारत होती, ती त्यांना ऐकू आली नाही.

मित्रांनो, मुंजीच्या कार्डात काय लिहावे, असे लोक विचारतात. आशीर्वादाच्या दोन ओळी पुरेत. पण मनात खरे काही असेल तर ते सव्वीस वर्षे ठेवू नका. आणि कोणी लिहिलेच, तर कितीही भीती वाटो, उघडून वाचा. आम्हाला जपणे म्हणजे एवढेच.

आता कोणाचे काय गेले ते सांगून थांबते. रीताचे काही गेले नाही. तिला अजून कोणी काही सांगितलेले नाही. अनयची मुंज झाली, त्याचेही काही गेले नाही. पुंडलिकरावांनी या सौद्याची किंमत म्हणून एक रविवार भरला, सकाळी आठपासून दिवेलागणीपर्यंत. उरलेले सगळे सुलोचनाबाई भरत आहेत.