कासवाच्या पाठीवरचे ओरखडे

सूसला राहणारी दीपाली दर शनिवारी रिहे गावातल्या आपल्या फार्महाऊसवर यायची. वरच्या वाडीतली सखू तिथं झाडलोटीला होती.

त्या शनिवारी सखू फाटकातून आत आली, तेव्हा दीपालीचा कुत्रा हिरवळीवर काहीतरी उलटंपालटं करत होता. जवळ गेल्यावर कळलं, कासव होतं. कुत्र्याचे दात कवचावरून घसरत होते, म्हणून तो चिडून पंजे मारत होता. सखूनं झाडू त्याच्या तोंडासमोर आडवा धरला आणि दुसऱ्या हातानं कासव उचललं.

दीपालीनं धावत येऊन कुत्र्याला बांधलं. कासवाचं डोकं दिसेना, पाय दिसेनात. तिला वाटलं, मेलं. सखूनं कासव उलटून दाखवलं. मागचे पाय आत गेले होते, तिथं पोटाला दोन झडपा होत्या. सखूनं बोट लावताच त्या आणखी घट्ट मिटल्या.

हे तुम्हाला कसं माहीत, असं दीपालीनं विचारलं. सखूनं न लपवता सांगितलं. ती लहान असताना वडील भातखाचरातून कासवं आणायचे, दगडानं फोडायचे. त्या दिवशी सगळे पोटभर जेवायचे. आता बंदी आहे, वाडीत कुणी धरत नाही.

पाठीवर ओरखडे होते, एका ठिकाणी रक्त आलं होतं. दीपालीनं जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावून फोटो पाठवले. जखम वरवरची आहे, औषध लावा, थोडा वेळ सावलीत ठेवा आणि मग जवळच्याच पाण्यात सोडा, असं ते म्हणाले. पण हात हलका ठेवा, असंही त्यांनी बजावलं. कवच म्हणजे त्याच्याच बरगड्या आणि कणा, त्यात रक्त असतं, स्पर्शही कळतो.

सखूचा कापूस धरलेला हात थांबला.

"मंग दुखतं त्याला?"

"हो मावशी, दुखतं," दीपाली म्हणाली.

"आमाला वाटायचं, वरून नुसता दगुड हाय."

फुंकर घालत घालत सखूनं औषध लावलं आणि कासव ओल्या पोत्यावर, घमेल्यात ठेवलं. ते बाहेर येतंय का बघायला दीपाली बोटानं टकटक करणार, तोच सखूनं तिचा हात धरला.

"कुत्रा गेला, हे त्याला कुटं ठाव हाय? ऱ्हाऊ द्या तसंच."

दुपारी आधी नाक बाहेर आलं, मग डोळे. दोघींनी घमेलं ओढ्यावर नेलं. काठावर बराच वेळ ते हललं नाही. मग चारही पाय काढून पाण्यात शिरलं, आणि गढूळ पाण्यात दिसेनासं झालं.

संध्याकाळी सखूनं हे म्हाताऱ्या वडिलांना सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले तेही.

"तवा भूक होती, पोरी," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "आजचं जगलं का?"

"जगलं, दादा."

त्यांनी मान हलवली, आणि ओढ्याला पाणी किती आहे ते विचारलं.