कबरीवर ऑनोरा नको

फेस्टी डर्कनने अर्जावर सही करायला नकार दिला, तेव्हा एटनाच्या कपातला चहा अजून निम्माही संपला नव्हता.

"असली कुणी बाई आमच्या घरात नव्हती," तो म्हणाला. "आणि तो कप ठेव खाली. झाला चहा."

एटना त्याच्या थोरल्या भावाची मुलगी. भाऊ वारला, तेव्हापासून आयर्लंडमधल्या मेयोतलं ते डर्कनांचं शेत, घर आणि कबरस्तानातली जागा, सगळ्यावर फेस्टीचाच शब्द चाले. शेतावर न फिरकणाऱ्या पुतणीने वसंतातल्या एका दुपारी येऊन मेलेली माणसं उकरावीत, हे त्याला सहन होण्यासारखं नव्हतं.

पण एटनालाही हौस नव्हती. तिची मुलगी ग्रॉन्या दुसऱ्या बाळंतपणानंतर अंथरुणाला खिळली होती. बाळ रडलं तरी भिंतीकडे तोंड करून पडायची. घराण्यात कुणाला असं काही होतं का, असं डॉक्टरने विचारलं, आणि एटनाने छातीठोकपणे 'नाही' सांगितलं. त्याच रविवारी प्रार्थना संपल्यावर चर्चच्या दारात म्हातारी मिसेस गिलरॉय तिला म्हणाली, "पोरगी ऑनोरावर गेली वाटतं तुमची."

"कोण ऑनोरा?"

"तुझ्या आजोबांची बहीण गं! वेड्यांच्या इस्पितळात होती ती. एवढंही सांगितलं नाही होय तुला?" म्हातारीच्या चेहऱ्यावरचा आनंद लपत नव्हता.

जवळचा नातेवाईक म्हणून फेस्टीची सही असती तर त्या बंद पडलेल्या इस्पितळाचे कागद लगेच पाहता आले असते. ती मिळाली नाही, म्हणून नातं सिद्ध करायला जन्माचे, मृत्यूचे दाखले गोळा करण्यात एटनाचा उन्हाळा गेला. मधे फेस्टीने ते कागद ठेवलेल्या अभिलेखागारात फोन करून 'ही बाई आमची कुणी नाही' असंही कळवून पाहिलं. शेवटी तिथल्या बाईने खोका समोर ठेवला आणि कोरडेपणाने म्हणाली, "फोटो काढायचे नाहीत. रडायचं असेल तर बाहेर."

एटना रडली नाही. तिला राग आला. ऑनोराला इस्पितळात घातलं ते तिच्या भावाच्या, म्हणजे एटनाच्या आजोबांच्या, लग्नाच्या आधी. नव्या नवरीला चुलीपाशी दुसरी बाई नको होती. ऑनोराने घर सोडायला नकार दिला आणि उकडलेल्या बटाट्यांचं पातेलं नवरीच्या बापाच्या अंगावर भिरकावलं. एवढंच तिचं वेड. पुढे पानोपानी डॉक्टर बदलत गेले, अक्षर बदलत गेलं, मजकूर तोच राहिला: 'शांत. स्वयंपाकघरात काम करते. घरी पाठवण्यास योग्य. घरचे नेत नाहीत.' एका जागी लिहिलं होतं, 'भाचा आला. रुग्णाला न भेटताच परत गेला.' त्यानंतर बरीच वर्षं जगून ती तिथेच मेली. इस्पितळामागच्या माळावर तिला पुरलं होतं. कबरीला नाव नव्हतं.

एटना तडक शेतावर गेली. फेस्टी गोठ्यात होता.

"तो भाचा कोण, फेस्टीकाका? माझे वडील?"

"तुझ्या बापाला कसली हिंमत! मीच गेलो होतो." त्याने फावडं खाली ठेवलं नाही. "आणि भेटलो नाही हे खोटं आहे. अंगणात बटाटे सोलत बसली होती. मला बघून हसली. म्हणाली, कान अगदी आमच्या बाबांचे घेतलेस रे."

"मग?"

"मग काय? आई घरी बसली होती, ती आली तर मी विहीर जवळ करते म्हणून. मी जन्मदात्रीला बाहेर काढायचं होतं का? सांग ना, शहाणे! तू काय केलं असतंस?"

"मी तिला आणलं असतं."

"थापा मारू नकोस. तू तर स्वतःच्या आईला वृद्धाश्रमात ठेवलंस!"

हा घाव वर्मी बसला. तरी एटना म्हणाली, "आपल्या कबरीच्या दगडावर तिचं नाव घालणार आहे मी."

"घालून तर बघ! तिच्या नावाखाली मी निजायचा नाही."

फेस्टी कमरेच्या शस्त्रक्रियेसाठी दवाखान्यात असताना एटनाने परगावचा पाथरवट आणला आणि आजोबांच्या नावाखाली नाव कोरून घेतलं: ऑनोरा डर्कन. घरी परतलेल्या फेस्टीला ते कळलं. भर दुपारी काठी टेकत तो कबरस्तानात गेला, लोखंड घासायचं यंत्र चालू केलं आणि नाव खरवडून काढलं. धूळ उडाली, आवाज गावभर गेला. कुणी त्याला थांबवलं नाही.

कबरींना आशीर्वाद देण्याचा वार्षिक रविवार आला. सगळी कुटुंबं आपापल्या कबरीपाशी उभी होती. डर्कनांच्या काळ्या गुळगुळीत दगडावर पांढरा ओरखडा लांबूनही दिसत होता. एका टोकाला फेस्टी, दुसऱ्या टोकाला एटना. औषधाने जरा सावरलेली ग्रॉन्या बाळाला घेऊन आईशेजारी होती. पाद्री पवित्र पाणी शिंपडत आला, दगडासमोर थबकला आणि काही माहीत नसल्याने सहज विचारून बसला, "इथं कुणाचं नाव होतं?"

एटना तोंड उघडणार, तोच ग्रॉन्याच बोलली. कित्येक महिन्यांत तिचा एवढा मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"ऑनोरा डर्कन. ती वेडी नव्हती. यांना ती घरात नको होती."

दोन्हीकडच्या रांगांतल्या माना वळल्या. मिसेस गिलरॉय पुढे वाकून ऐकत होती. पाद्रीने घसा साफ केला, ऑनोराचं नाव प्रार्थनेत घेतलं आणि पाणी शिंपडलं.

फेस्टीने टोपी डोक्यावर घातली आणि प्रार्थना चालू असतानाच काठी आपटत फाटकाकडे निघाला. एटनाजवळून जाताना म्हणाला, "तू माझ्या दारात पाऊल टाकायचं नाहीस."

"नाही टाकणार," एटना म्हणाली.

दोघांनीही शब्द पाळला. पुढच्या हिवाळ्यात फेस्टी गेला, तेव्हा त्याच्या मृत्युपत्राप्रमाणे त्याला बायकोच्या माहेरच्यांत, दुसऱ्या गावी पुरलं. एटना अंत्यविधीला गेली नाही. वसंतात तिने त्याच पाथरवटाला पुन्हा बोलावलं.