सिंक बंद करा

शांत डोक्याने सूचना वाचली तर जगातलं कोणतंही संकट टळतं, अशी आनंद ओगल्यांची श्रद्धा होती. कोलशेतच्या रंगाच्या कारखान्यात एकतीस वर्षं टाइम ऑफिस, म्हणजे कामगारांची हजेरी आणि रजा, सांभाळून ती पक्की झाली होती. शुक्रवारी सकाळी त्यांनी फोनवरची सूचना सातव्यांदा, चष्मा पुसून, अत्यंत शांत डोक्याने वाचली. जागा शिल्लक नाही.

"मग काढा ना काहीतरी," सुमती कणीक मळता मळता स्वयंपाकघरातून म्हणाली. "सुप्रभातच्या गुलाबांनीच गोडाऊन भरलंय तुमचं."

"गुलाब मंगळवारीच काढले. चारशे चाळीस. बुधवारी तेच परत आले."

फोन, टॅब आणि जुना लॅपटॉप अशी तिन्ही यंत्रं क्षिप्राने, म्हणजे त्यांच्या मुलीने, एकाच खात्याला जोडून दिली होती. कुठेही फोटो काढा, तिन्हीकडे दिसणार. त्यामुळे वीजबिल तीन ठिकाणी दिसे आणि सुमतीने टिपलेली भरल्या वांग्यांची कृतीही तीन ठिकाणी दिसे. ओगले निर्धास्त होते. एक वस्तू तीन कपाटांत असली की हरवत नाही, असा त्यांचा हिशेब होता. कपाटं तीन असली तरी वस्तू एकच आहे, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

रविवारी वर्तकनगरच्या हॉलमध्ये जुन्या कामगारांचा मेळावा होता. कारखाना बंद पडून सात वर्षं झाली होती. शेवटच्या दिवशी ओगल्यांनी गेटवर उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाचा फोटो काढला होता, आणि ते सगळे या तिन्ही कपाटांत जपले होते. वरून आदेश नसताना त्यांनी नोकरीत केलेलं हे एकमेव काम.

मिक्सिंग खात्यातल्या धाकूने कालच फोन केला होता. "साहेब, जगनची बायको येणारे, कांता. जगन गेल्यापासून कुठं जात नाय ती. मी बोललो, साहेबांकडे जगनचा फोटो असणार, कंपनीच्या ड्रेसमधला. तिच्याकडे तसला एक पण नाय."

"असणार म्हणजे? आहे. दोनशे बाराच्या दोनशे बारा आहेत."

"मग ठरलं. तुमच्या नावाने शब्द दिलाय मी."

आता रविवारी नवे फोटो काढायचे तर फोनमध्ये जागा हवी होती. सुमतीने ओट्यावरच्या आपल्या फोनवरून पुण्याला क्षिप्राला गाठलं आणि स्पीकर लावला. ओगल्यांचा फोन हॉलमध्ये चार्जिंगला होता, आणि त्यामागोमाग ओगलेही.

"टॅबवर आहेत ना सगळे? मग बाबाला म्हणावं, फोनमधले उडव," क्षिप्रा म्हणाली. "पण आधी सिंक बंद कर म्हणावं, नाहीतर टॅबवरचेही जातील. विसरू नको हां."

"अहो," सुमती ओरडली, "आधी सिंक बंद करा म्हणतेय!"

ओगले उठून स्वयंपाकघरात आले. भांड्यांवर नळ ठिबकत होता. ठिबकण्याचा आवाज पुण्यापर्यंत जातो याचं त्यांना क्षणभर कौतुक वाटलं. त्यांनी नळ पिळून बंद केला.

"केलं."

"नक्की ना बाबा?"

"घट्ट केलंय."

"मग बिनधास्त उडव."

ओगल्यांनी बिनधास्त उडवलं. तरी जागा होईना. शांत डोक्याने वाचल्यावर कळलं, कचरापेटीतल्या वस्तूही जागा व्यापतात. कचरा साठवायची पद्धत त्या घरात नव्हती. पेटी रिकामी झाली. मग त्यांनी कौतुकाने टॅब उघडला. पांढरा. लॅपटॉप उघडला. तोही पांढरा.

"बाबा, सिंक बंद केलं होतंस ना?" पुन्हा फोन लावल्यावर क्षिप्राने विचारलं.

"केलं होतं. पण वॉशर बदलावा लागेल."

क्षिप्रा ओरडली, "अरे देवा. थांब, कचरापेटीत असतील. साठ दिवस राहतात."

"रिकामी केली."

"का पण?"

"तशी सूचना होती."

सुमतीला हसू फुटलं, पण नवऱ्याचा चेहरा बघून तिने ते कणकेत दाबलं. शनिवारी ओगल्यांनी तिन्ही यंत्रं चारदा बंद करून चालू केली. रविवारी धाकू दारातच भेटला. त्याला सांगितल्यावर तो म्हणाला, "साहेब, टाइम ऑफिसात असतात तर मेमो काढला असतात स्वतःला." मग गंभीर होऊन त्याने कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

कांता कल्याणहून दोन रिक्षा आणि एक बस बदलून आली होती. ओगले शेजारी बसले आणि सगळं सांगून टाकलं, नळासकट. ती हसली नाही.

"पण मला तो फोटो लख्ख आठवतोय," ओगले घाईघाईने म्हणाले. "पिवळं हेल्मेट, शर्टाच्या बाह्या वर दुमडलेल्या. मी म्हटलं, जगन, सरळ उभा राहा, तर हसायलाच लागला. मागे गेट दिसत होतं. डोळे किंचित मिटलेले, उन्हामुळे."

कांताने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा मान हलवली.

"असेच हसायचे ते," ती म्हणाली. "पण त्या दिवशी ते रजेवर होते, साहेब. पुतणीचं लग्न होतं चिपळूणला. रजेच्या कार्डावर तुमचीच सही होती."