वर्डपेक्षा चांगलं

सुजीतचं म्हणणं असं होतं की चोरी करू नये, कारण जगातल्या बहुतेक चांगल्या गोष्टी फुकट मिळत असताना चोरणं हा निव्वळ आळस आहे. हे तो कुणी विचारलं नाही तरी सांगायचा. दुबईच्या अल कुसैस भागातल्या त्यांच्या इमारतीची लिफ्ट संथ होती. तिच्यात सुजीतबरोबर सापडलेल्या माणसाला चौथा मजला येईपर्यंत विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स म्हणजे काय ते कळायचं, आणि आपण घरी चोरीचं विंडोज वापरतो याची थोडी लाजही वाटायची. लोक जिन्याने जाऊ लागले. सुजीतच्या मते ही आरोग्याच्या दृष्टीने चांगली गोष्ट होती.

वय सव्वीस, मूळ गाव सांगली, नोकरी एका ट्रेडिंग कंपनीच्या आयटी विभागात. तिथे तो दिवसभर लोकांचे विसरलेले विंडोजचे पासवर्ड बदलून द्यायचा आणि संध्याकाळी खोलीवर येऊन आपल्या लॅपटॉपवर लिनक्स लावून त्याचं प्रायश्चित्त घ्यायचा. खोलीत आणखी तिघं राहायचे. त्यांनी त्याच्याशी तंत्रज्ञानावर बोलणं कधीच सोडून दिलं होतं, म्हणून तो जेवायला खालच्या मजल्यावर हेमचंद्रकडे जायचा. हेमचंद्र पुण्याचा, सिव्हिल इंजिनिअर, एकोणीस वर्षं दुबईत. बायको विभावरी आणि पाचवीतली मुलगी इरा. व्यवहार ठरलेला होता. विभावरीवहिनी जेवायला वाढणार, सुजीत त्यांचा कॉम्प्युटर सांभाळणार.

जानेवारी २००९मध्ये हेमचंद्रच्या कंपनीने एका दुपारी चाळीस जणांना एकाच मीटिंगला बोलावलं आणि खलास. प्रोजेक्ट थांबला, क्रेन अर्ध्यात थांबली, हेमचंद्रचा ऑफिसचा लॅपटॉप काढून घेतला. व्हिसा मार्चअखेर रद्द होणार होता. त्यानंतर तीस दिवस. तेवढ्यात दुसरी नोकरी नाही मिळाली तर सगळ्यांनी सामान बांधायचं.

घरचा कॉम्प्युटर तेव्हा व्हायरसने इतका भरला होता, की चालू केल्यावर चहा करून यावा लागे. सुजीतला हीच संधी वाटली.

"दादा, नवी नोकरी शोधायचीय ना? मग स्वच्छ सुरुवात करू."

त्याने सगळं पुसलं आणि लिनक्स बसवलं. इराचे गेम गेले.

"सुजीत काका, आय वॉन्ट माय गेम्स बॅक."

"बाळा, ते चोरीचे होते."

"बट आय डिडन्ट स्टील देम!"

"दॅट इज व्हॉट दे ऑल से," सुजीत गंभीरपणे म्हणाला. इरा त्यानंतर आठवडाभर त्याच्या ताटासमोर पाण्याचा ग्लास ठेवत नव्हती.

दर गुरुवारी एक चिनी बाई मोठी पिशवी घेऊन दारोदार यायची. "डीव्हीडी, न्यू मूव्ही, हिंदी, गुड प्रिंट." सुजीतने तिला एकदा आत बसवून अर्धा तास समजावलं, की नक्कल करणं हे पाप नाही, नक्कल करायला बंदी घालणं हे पाप आहे, पण तुम्ही विकता ती नक्कल पापच आहे, कारण तुम्ही ती विकता. बाईने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "टू पीस, फिफ्टीन." वहिनींनी दोन घेतल्या. लिनक्सवाल्या कॉम्प्युटरवर त्या चालल्या नाहीत.

"याला म्हणतात शिस्त," सुजीत म्हणाला.

"याला म्हणतात पंधरा दिरहम. दोनशे रुपये गेले," वहिनी म्हणाल्या.

हेमचंद्रच्या गाडीतली नाट्यगीतंही अशीच गेली. एमपीथ्री हा कुणाच्या तरी मालकीचा फॉरमॅट आहे, म्हणून सुजीतने ती सगळी मुक्त फॉरमॅटमध्ये बदलून नवी सीडी करून दिली. मुक्त फॉरमॅट गाडीतल्या प्लेअरने ओळखला नाही. हेमचंद्र पुढचे दोन महिने नोकरी शोधत दुबईभर आवाजाविना फिरला. विचारलं तर म्हणायचा, "बरं वाटतं रे. शांत."

असा माणूस. त्याला काहीही दिलं तरी तो आभार मानायचा.

बायोडाटा सुजीतच्याच देखरेखीखाली तयार झाला. हेमचंद्रने टाइप केला, सुजीतने तो कसा सेव्ह करायचा ते दाखवलं.

"जाहिरातीत म्हणतायत, वर्डमध्ये पाठवा," हेमचंद्र चष्मा सरकवत म्हणाला.

"दादा, हे वर्डच आहे. वर्डपेक्षा चांगलं."

"त्यांच्याकडे उघडेल ना?"

खरं तर सुजीतला माहीत होतं की उघडेलच असं नाही. एक बटण दाबलं असतं तर फाइल वर्डच्या फॉरमॅटमध्ये गेली असती. पण अशी बटणं दाबत राहिलो तर जग कधीच बदलणार नाही असं त्याचं मत होतं, आणि जग बदलायला हेमचंद्रचा बायोडाटा त्याला योग्य वाटला.

"ज्यांच्याकडे उघडणार नाही, त्यांच्याकडे तुम्हाला नोकरी करायचीच नाहीये," तो म्हणाला.

एवढ्यावर तो थांबला असता तरी चाललं असतं. त्याने हेमचंद्रचं नवं ई-मेल खातं उघडून दिलं आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी आपोआप छापून येईल अशी इंग्रजीत एक सूचना घातली. तिचा मराठीत अर्थ असा: ही फाइल उघडत नसेल तर दोष फाइलचा नाही, आपल्या निवडीचा आहे. कृपया मला वर्डमधली फाइल पाठवू नये. मी ती उघडत नाही. खाली हेमचंद्रचं नाव, मोबाइल नंबर आणि "विनम्र".

हेमचंद्रला वाटलं, हल्ली अशी पद्धत असेल.

फेब्रुवारी गेला. कुणाचा फोन आला नाही. हेमचंद्र रोज सकाळी दाढी करून, टाय लावून फोनशेजारी बसायचा. फोन वाजला की तीन वेळा वाजू द्यायचा, घाईत दिसू नये म्हणून. बहुतेक वेळा बँक असायची.

"एकोणीस वर्षांत मी काही केलेलंच नाही बहुतेक," एकदा जेवताना तो म्हणाला. तक्रारीच्या सुरात नव्हे; हिशेब लागल्यासारखा.

"मार्केट वाईट आहे दादा. सगळ्यांचंच असं चाललंय."

"धोत्रेला मिळाली ना पण. माझ्या हाताखाली होता तो."

विभावरीने आमटी वाढता वाढता विषय बदलला. सोफा कुणाला विकायचा, हा नवा विषय होता.

मग हेमचंद्रला वाटायला लागलं, की आपण बायोडाटात फार मोठं लिहिलंय, लोक बिचकत असतील. रोज सकाळी तो फाइल उघडून थोडं थोडं काढू लागला. पहिल्यांदा 'सीनियर' काढलं. मग 'प्रोजेक्ट'. मग पदवी काढली, कारण डिप्लोमावाल्यांना मागणी आहे असं कुणीतरी म्हणालं होतं. मग डिप्लोमाही. प्रत्येक वेळी त्याच फाइलवर सेव्ह करायचा आणि आणखी वीस ठिकाणी पाठवायचा. मार्चच्या मध्यापर्यंत त्याने स्वतःला इतकं लहान केलं होतं, की आणखी दोन आठवडे मिळाले असते तर त्याचा जन्म झाला नसता.

सुजीतने यातलं काहीच वाचलं नाही. फाइल व्यवस्थित सेव्ह होतेय ना, तेवढं तो विचारायचा.

मार्चअखेरीस एका कंपनीने जाहिरात देऊन येतील त्या सगळ्यांना थेट मुलाखतीला बोलावलं. येताना छापील बायोडाटा आणा म्हणाले. घरी प्रिंटर नव्हता. हेमचंद्र आणि सुजीत गनीच्या टायपिंग सेंटरवर गेले. व्हिसाचे अर्ज, भाडेकरार, अरबीतली पत्रं, सगळं गनी दोन टेबलांच्या त्या दुकानात टाइप करून द्यायचा. त्याने पेन ड्राइव्ह लावला, क्लिक केलं, परत क्लिक केलं.

"भाईसाब, ये कौनसा फाइल है? खुलता नहीं."

पडद्यावर चौकोनांची आणि प्रश्नचिन्हांची रांग लागली होती.

"वर्ड है," हेमचंद्र म्हणाला. "वर्ड से अच्छा."

"अच्छा होगा. खुलता नहीं." गनीने मान तिरकी करून बघितलं. "किसी को भेजा तो नहीं ना ये?"

हेमचंद्रने सुजीतकडे बघितलं. त्या बघण्यात संशय नव्हता. डॉक्टरकडे बघतात तसं बघणं होतं.

"पेन ड्राइव्ह खराब झालाय," सुजीत म्हणाला.

"अरे!" हेमचंद्र गनीकडे वळला. "सॉरी हां भाई. हमारा पेन ड्राइव्ह खराब है. आपका मशीन तो ठीक है ना? कुछ हुआ तो नहीं?" आणि त्याने तो चांगला पेन ड्राइव्ह, दुसऱ्या कुणाला त्रास नको म्हणून, स्वतःच्या हाताने कचऱ्याच्या डब्यात टाकला. मुलाखतीला तो बायोडाटाशिवाय गेला. तिथे रांगेत त्याच्यापुढे तीनशे माणसं होती, सगळ्यांच्या हातात कागद होते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये सुजीतने कुणाचाही पासवर्ड बदलला नाही. विंडोजच्या मशीनवर बसून त्याने हेमचंद्रचं खातं उघडलं. पाठवलेल्या पत्रांची पानंच्या पानं भरली होती. मधे तीन उत्तरंही होती, ती हेमचंद्रच्या नजरेतून सुटलेली, कारण ती स्पॅमच्या फोल्डरमध्ये गेली होती. एकाने लिहिलं होतं, फाइल उघडत नाही, वर्डमध्ये पाठवा. दुसऱ्यानेही तेच. तिसऱ्याने लिहिलं होतं, आपल्या अटी वाचल्या, शुभेच्छा.

सुजीतने ती तिन्ही पुन्हा वाचली. त्याने ती सूचना काढून टाकली, ताजी फाइल वर्डच्या फॉरमॅटमध्ये बदलली आणि सगळ्यांना पुन्हा पाठवली. बटण एकच होतं. दाबल्यावर जगात काही फरक पडलेला दिसला नाही.

हेमचंद्रला सांगायची गरजच पडणार नाही, असं त्याला वाटलं. आता फोन येईल आणि विषय संपेल.

आणि फोन आला.

शुक्रवारी दुपारी विभावरीने श्रीखंड-पुरीचं जेवण केलं. सोफा विकून झाला होता, म्हणून सगळे जमिनीवर बसले. हेमचंद्रने सुजीतला स्वतःच्या हाताने वाढलं.

"फुजैराला. ऑइल टर्मिनल आहे. रविवारी जॉइन व्हायचं. व्हिसा देतायत, राहायला कॅम्पमध्ये बेड देतायत. या दोघी जूनपर्यंत इथेच मैत्रिणीकडे राहतील, शाळा संपली की पुण्याला."

"फुजैराला काय बांधतायत?" सुजीतने विचारलं.

"बांधत नाहीयेत. स्टोअरमध्ये आहे. स्टोअर हेल्पर." हेमचंद्र हसला. "मी म्हटलं, माझा अनुभव बघितलात ना? म्हणाले, हो हो, बघितला. दहावी पास, दोन वर्षं. पुरे आहे."

इरा म्हणाली, "बाबा, बट यू आर ॲन इंजिनिअर."

"होतो गं."

"सुजीतमुळे झालं हे," हेमचंद्र विभावरीला म्हणाला. "मी धीर सोडला होता. हा म्हणत होता, पाठवत राहा दादा, पाठवत राहा. घे रे, आणखी एक पुरी घे."

सुजीतने पुरी ताटात ठेवली. त्याने पाण्याचा ग्लास शोधला.

"दादा, त्यांनी तुमचा आधीचा बायोडाटा बघितलाच नव्हता," तो म्हणाला.

"बघितला असेल. आवडला नसेल."

"नाही. उघडतच नव्हता. कुणाकडेच. मी चुकीच्या फॉरमॅटमध्ये ठेवायला लावला होता. पेन ड्राइव्ह पण चांगला होता. आणि परवा मी सगळ्यांना परत पाठवला, उघडेल असा, पण तोपर्यंत तुम्ही त्यातलं सगळं काढलं होतं. मी वाचला नाही. मी नुसता पाठवला."

सगळं एका दमात म्हणून झाल्यावर त्याला वाटलं, आता ताट अंगावर येईल. यावं, असंही वाटलं.

हेमचंद्रने हातातला घास खाली ठेवला.

"म्हणजे, कुणी वाचलंच नव्हतं?"

"नाही."

"कुणीच?"

"कुणीच नाही दादा."

"विभा!" हेमचंद्रचा चेहरा असा उजळला, की सुजीतला तिकडे बघवेना. "ऐकलंस? कुणी नाही म्हटलंच नव्हतं! त्यांना उघडलंच नाही! मी आपला रोज..." तो हसायला लागला. चांगला पोटभर हसला, डोळे पुसून पुन्हा हसला. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

विभावरी हसली नाही. "दोन महिने हा माणूस टाय लावून बसायचा," ती सुजीतला म्हणाली. आवाज चढवला नाही. "तू समोर बसून जेवायचास."

सुजीतने ताटाकडे बघितलं. श्रीखंडात त्याची बोटं तशीच होती.

"वहिनी..."

"जेव. टाकू नकोस आता."

तो जेवला. एवढं गोड अन्न इतक्या कष्टाने त्याने आयुष्यात खाल्लं नव्हतं.

फुजैराची नोकरी सोडता येणार नव्हती. व्हिसाचे दिवस संपत आले होते. पण तिथे गेल्यावरही अर्ज करता येतील, असं विभावरीने ठरवलं आणि शनिवारी सकाळी दोघांना गनीकडे पाठवलं. जुना बायोडाटा पाठवलेल्या पत्रांतून काढता आला असता, पण विभावरीचं म्हणणं होतं की पहिल्यापासून लिहायचा, आणि तो सुजीतने टाइप करायचा. गनीने एक टेबल रिकामं करून दिलं. सुजीत कीबोर्डवर बसला. हेमचंद्र बाजूच्या स्टुलावर, हात मांडीवर ठेवून.

"सांगा दादा. सुरुवातीपासून."

"एकोणीसशे नव्वद. शारजा. पंपिंग स्टेशन, दोन. नाही, थांब, तीन. तिसऱ्याच्या वेळी इरा व्हायची होती... नाही, तो पूल. पूल नंतर घे."

सुजीत टाइप करत गेला. पंपिंग स्टेशनं झाली. एक शाळा झाली, मजुरांच्या दोन वसाहती झाल्या, अजमानच्या रस्त्याखालचे सगळे गटारनळ झाले, त्याच रस्त्यावरून सुजीत दर शुक्रवारी मित्राकडे जायचा. पूल आला. पुलाच्या एका खांबाखाली खडक लागला नाही म्हणून हेमचंद्रने काम थांबवून ठेवलं होतं, साहेब ओरडत असताना, तेही आलं. दोन पानं भरली. दरवाज्यात लोक उभे होते, गनी त्यांना "सबर, हबीबी, सबर" म्हणत होता.

दोन महिने ही फाइल सुजीतच्या हाताखालून रोज गेली होती. त्याने फक्त तिच्या नावातली, फॉरमॅट सांगणारी शेवटची तीन अक्षरं बघितली होती.

हेमचंद्र पडद्याकडे वाकून वाचत होता. वाचता वाचता त्याचा आवाज बारीक झाला.

"जास्त होतंय का रे? ते गटारनळ काढू का?"

"नको दादा."

"लोकांना वाटेल, एवढं कुठे केलं असेल एकाने."

"वाटू दे," सुजीत म्हणाला. मान वर न करता. "नळ किती इंची होते, तेवढं सांगा."